साडूचा संताप आणि तीन हत्यारं

ठाण्यापासून शहाडपर्यंतच्या पट्ट्यात वाटायला म्हणून देवाने जेवढा राग आणला होता, त्यातला निम्मा माझ्या साडूने एकट्याने उचलला आणि उरलेला निम्मा गेल्या चार वर्षांत माझ्यात भरला. मी मुळात शांत माणूस. डोंबिवलीत माझं नळांचं आणि फरश्यांचं दुकान आहे, आणि गिऱ्हाईक चाळीस नळ बघून एकही न घेता गेलं तरी मी त्याला हसून पायऱ्या उतरवून देतो. पण या माणसाचं नाव फोनवर उमटलं की माझ्या कानशिलांत कुकरची तिसरी शिट्टी होते. तो माझ्याहून आठ वर्षांनी मोठा, म्हणून समोर मी त्याला अहोजाहो करतो. इथे मात्र अरेतुरे करणार आहे, कारण तो स्पर्धेच्या नियमावलीखेरीज काहीही वाचत नाही.

साडू वर्तकनगरला राहतो. उभं आयुष्य एका कारखान्याच्या टूलरूममध्ये फिटर म्हणून घालवलं, आणि निवृत्त झाल्यावर बाळकुमला एका बंद पडलेल्या गोदामात नेमबाजीचा क्लब काढला. सरळ एका कागदावर दहा छर्रे मारायचे आणि घरी जायचं, असली साधी नेमबाजी त्याला चालत नाही. त्याचा जीव तीन हत्यारांच्या शर्यतीत. आधी एअर रायफलने पाच लोखंडी पट्ट्या पाडायच्या, ती ठेवून पुढच्या चौकोनात जायचं, तिथे एअर पिस्तुलाने पाच, आणि शेवटी तिसऱ्या चौकोनात आणखी पाच. बाहेरच्या देशांत या तिसऱ्या जागी शॉटगन असते म्हणे, एका बारात मूठभर छर्रे उडवणारी. बाळकुमच्या गोदामात ती कुठून येणार? साडूने तिथे बेचकी ठेवली. होय, चिंचा पाडायची बेचकी, आणि तिच्यात मातीच्या भाजलेल्या गोळ्या. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा हसलो. "हसताय काय?" तो गरजला. "बेचकीला साईट नसते, ट्रिगर नसतो, आणि चूक झाली तर दोष द्यायला बंदूकवालाही नसतो. खरा नेमबाज तिथे कळतो, साडूभाऊ!" त्या गर्जनेने गोदामाच्या पत्र्यावरची तीन कबुतरं उडाली. त्यांतलं एक अजून परत आलेलं नाही.

माझी मुलगी तन्वी चौदा वर्षांची असताना त्याच्याकडे जायला लागली. मी हौशी बाप. पहिल्याच रविवारी मी तिला काळा गॉगल, पानाफुलांच्या रंगाचं मिलिटरी जाकीट आणि आठ खिशांचा चामडी पट्टा घेऊन दिला आणि बाळकुमला घेऊन गेलो. साडूने पोरीला नखशिखान्त न्याहाळलं. "ही नेमबाजीला आली आहे की रानडुकराच्या बारशाला?" मग त्याने माझी जी शिकवणी घेतली तशी शाळेतही कोणी घेतली नव्हती. आधी बूट घ्यायचे, सपाट तळाचे, घोट्याला घट्ट, कारण बंदूक हातात असली तरी नेम तळपायातून निघतो. मग छर्रे घ्यायचे, चार वेगवेगळ्या डब्या, आणि क्लबची बंदूक टेबलावर टेकवून प्रत्येकीतले दहा-दहा मारून बघायचे. ज्या डबीची भोकं एकमेकांना चिकटून पडतील तीच आपली, मग ती स्वस्तातली का असेना. पट्ट्याला दोनच खिसे हवेत आणि तेही कायम एकाच जागी, म्हणजे हात न बघता तिथे जातो. आणि बंदूक? "बंदूक सगळ्यात शेवटी. नवरी ठरायच्या आधी कोणी वरात काढतं का?" तो पट्टा पुढे त्याने गोदामातल्या कुत्रीच्या गळ्यात बांधला. आठही खिशांसकट. कुत्री मात्र दिमाखात फिरायची, हे कबूल करायला हवं.

बूट आले, छर्रे आले, आणि मग सहा महिने पोरीने एकही छर्रा मारला नाही. सहा महिने! मी दर रविवारी डोंबिवलीहून तिला घेऊन जायचो आणि ती दोन तास क्लबची रिकामी रायफल भिंतीवरच्या एका ठिपक्यावर धरून उभी राहायची. ट्रिगर दाबायचा, टक् वाजायचं, पुन्हा धरायचं. मी एकदा तोंड उघडलं. "अहो, निदान आवाज तरी होऊ द्या की एखादा!" तर म्हणाला, "आवाजच हवा असेल तर लवंगी लावा घरी." ट्रिगर कसा दाबायचा हे दाखवायला तो पिकलेला चिकू द्यायचा. बोटाने असा दाब द्यायचा की साल फुटता कामा नये, आणि तो नेमका कधी दबला हे आपल्यालाही कळता कामा नये. छर्रा सुटल्यावर बंदूक लगेच खाली घेतली की त्याचा पारा छताला लागायचा. "लेक गाडीत बसली की लगेच घराचं दार लावतेस का गं? गाडी वळेपर्यंत उभं राहायचं!" हे असलं काही तो बोलला की माझा राग दोन मिनिटं पातळ व्हायचा. तिसऱ्या मिनिटाला तो माझ्या उभं राहण्याच्या पद्धतीवर बोलायला लागायचा आणि राग पुन्हा घट्ट व्हायचा.

नळी कुणाकडे रोखायची नाही, हा तर त्याचा धर्मच. त्यात बंदूक, छत्री, लाटणं असा भेद नाही. त्याच्या बायकोने पोळ्या करता करता लाटण्याने मीठ कुठे आहे ते दाखवलं की हा स्वयंपाकघरात ओरडतो, "नळी जमिनीकडे!" कल्याणला एका लग्नात नवरदेवाच्या मामाने काठीने मांडवाची दिशा दाखवली, तर याने भर पंगतीत त्याच्या हातातली काठी काढून भिंतीला उलटी टेकवली. माझ्या दुकानात आला तेव्हा मी एका गिऱ्हाइकाला संडासातला जेट स्प्रे दाखवत होतो. साडू काउंटरखाली बसला. खरोखर बसला! तिथूनच आवाज आला, "बोट ट्रिगरवरून काढा आधी!" गिऱ्हाईक घाबरून गेलं. मी संतापाने थरथरत होतो, तर हा उठून माझ्या दोन सेल्समनना ओळीत उभं करून जेट स्प्रेवर ट्रिगर दाबायचे धडे देत होता. खोटं वाटेल, पण त्या महिन्यात सगळ्यात जास्त तेच स्प्रे खपले.

एका हत्याराकडून दुसऱ्याकडे जाताना शर्यत हरते, असं त्याचं म्हणणं. रायफल ठेवताना ती रिकामी, उघडी आणि नळी निशाण्याकडे, हे एका दमात झालं पाहिजे. ते न बघता जो पुढे पळाला तो बाद. "घाई पायांत ठेव, हातांत आणू नकोस," हे वाक्य तन्वी झोपेतही बडबडायची. या सरावासाठी त्याने वर्तकनगरच्या आपल्या घरात दिवाणखान्यापासून स्वयंपाकघरापर्यंत खडूचे तीन चौकोन आखले होते. पाहुण्यांनाही त्याच वाटेने जावं लागायचं. चहा मागायला तिसऱ्या चौकोनात पोचायला हवं आणि रेघेवर पाय पडला तर परत पहिल्यात.

चार वर्षं झाली आणि तन्वी बारावीत गेली. आता माझ्या बायकोने तोंड उघडलं, आणि ती तिच्या बहिणीच्या नवऱ्यालाही घाबरत नाही. शहाडच्या एका क्लबाने तीन हत्यारांची स्पर्धा ठेवली होती, दसऱ्यानंतरच्या रविवारी. पहिल्या तिघांना हिवाळी शिबिरात जागा, राहणं-खाणं-शिकवणं सगळं मोफत. बायको म्हणाली, "तिघांत आली तर खेळू दे. नाही आली तर बंद. मग सकाळ-संध्याकाळ क्लास." तन्वीने पिशवीतून चिकू काढला आणि त्यावर बोट ठेवून बसली.

आता माझी पापकथा. तोपर्यंत मी तन्वीला स्वतःची रायफल घेऊन दिली होती, पण ती राहायची साडूच्या कपाटात. खंडेनवमीला मी हट्ट धरला. माझे वडील कारखान्यात लेथ मशीनवर कामाला होते. खंडेनवमीला ते यंत्र पुसायचे, तेल द्यायचे, झेंडूची माळ घालायचे, आणि मग दोन दिवस त्याला कोणी हात लावायचं नाही. घरात हत्यार असून त्याची पूजा नाही हे मला बघवेना. साडूशी चार वर्षांत मी जिंकलेला हा एकच वाद. त्याने रायफलची पेटी हातात देताना सांगितलं, "फूल वाहा, हळदकुंकू कागदावर ठेवा, पण तिला बोट लावू नका. नळीत तेल तर अजिबात नाही. तेल गेलं की छर्रा दारुड्यासारखा चालतो." मी मान डोलावली. घरी आलो, रायफल पाटावर ठेवली, आणि ती मला कोरडी दिसली. वडिलांचं यंत्र कसं चकचकीत असायचं! समईची वात खोबरेलात भिजवली, अगरबत्तीच्या काडीने नळीत सारली, आणि पुढून-मागून फिरवली. वात बाहेर आली, असं मला वाटलं. नंतर रायफल बाहेरून पुसून इतकी लखलखीत केली की देव्हाऱ्यातले देव तिच्यात दिसत होते. तन्वी क्लासला गेली होती. तिला यातलं काही माहीत नव्हतं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी पेटी साडूच्या कपाटात परत नेऊन ठेवली.

रविवारी शहाडला सरावाचे दहा छर्रे मिळाले. पहिला पट्टीच्या वर, दुसरा डावीकडे, तिसरा कुठे गेला ते त्या क्लबालाही सापडलं नाही. तन्वीचा चेहरा उतरला. साडू झेपावला, रायफल घेतली, नळीतून साफसफाईचा फेल्टचा, म्हणजे लोकरी कापडाचा, बोळा सोडला. बोळा पिवळा, तेलकट. दुसरा सोडला. त्याच्याबरोबर वातीचं टोक बाहेर आलं, काळपट, अर्ध्या बोटाएवढं, आणि खोबरेलाचा घमघमाट सुटला. साडूच्या डोक्यावर एक केस नाही. खोबरेलाशी त्याचा संबंध नाही हे कोणीही सांगितलं असतं. त्याने माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरची सूचना वाचायला लागलो. ती आग लागल्यास काय करावे याची होती.

"काका, हे काय आहे?" तन्वीने विचारलं.

मी छत कोसळायची वाट बघत होतो. साडूने ते टोक शर्टाच्या खिशात टाकलं. "माझंच. परवा साफ करताना राहिलं. म्हातारा झालो गं तने." मग आणखी बोळे सोडत राहिला, पण तेवढ्यात तिचा नंबर पुकारला. "रायफलवर गेलं ते गेलं," तो तिला म्हणाला. "तिथेच सोडून पुढच्या चौकोनात जा."

रायफलच्या पाचांपैकी तीन पडल्या. ती रिकामी, उघडी, नळी समोर, नीट ठेवून ती पुढे गेली. पिस्तुलाच्या पाचही पडल्या. बेचकीच्या पाचही, आणि शेवटच्या मातीच्या गोळीला तर बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. एकूण तेरा. तिसऱ्या आलेल्या मुलाच्या चौदा होत्या. ती चौथी आली.

साडू वर्तकनगरला न जाता आमच्याबरोबर डोंबिवलीला आला. बायकोने दार उघडलं, चेहरे बघितले आणि तिला कळलं. ती काही बोलायच्या आत साडू म्हणाला, "सुमे, पोरीची चूक नाही. हत्यार तपासणं माझं काम होतं, मी तपासलं नाही. एक वर्ष दे मला." हा माणूस! ज्याने कारखान्यात मॅनेजरला नियमावली फेकून मारली होती, ज्याने उभ्या आयुष्यात कुणाला मागून पाणी घेतलं नाही, तो माझ्या दारात चपला न काढता उभा राहून मागत होता. मी तिथेच होतो. शोकेसला टेकून. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं, जिभेच्या टोकावर होतं, आणि मी ते तसंच गिळलं. बायकोने दार सताड उघडलं. मग म्हणाली, "भाऊजी, आत या आधी. परीक्षा संपेपर्यंत फक्त रविवार. त्यापुढचं निकालानंतर बघू."

तर तन्वी अजून खेळते. दर रविवारी मी तिला बाळकुमला घेऊन जातो. आणि त्या दिवसापासून हा माणूस माझ्यावर एकदाही ओरडलेला नाही. "या साडूभाऊ, बसा," म्हणतो. खुर्ची पुसून देतो. बाकी सगळ्यांवर पत्रे हलतील असा ओरडतो, आणि माझ्याकडे वळला की आवाज उतरवतो, आजाऱ्याच्या खोलीत शिरल्यासारखा. माझ्या अंगाचा तिळपापड होतो. गेल्या रविवारी तर मी मुद्दाम चहाचा कप त्याच्या छऱ्यांच्या उघड्या डबीवर ठेवला. डबीत चहा सांडला, छर्रे भिजले. आता बोलेल, आता फाडून खाईल, म्हणून मी खुर्चीत सावरून बसलो. तो आला, कप उचलून बाजूला ठेवला, आणि एकेक छर्रा रुमालाने पुसत म्हणाला, "असू दे. होतं असं."

मी म्हणालो, "अहो, ओरडा की जरा!"

त्याने वर बघितलं नाही. छर्रे पुसत राहिला.