नाताळचं पातेलं

माझी बायको रंभाबाई दारात आलेल्या माणसाला आधी पाणी द्यायची, मग नाव विचारायची. मी आधी नाव विचारायचो आणि पाणी द्यायला विसरायचो. तिच्याविषयी लिहिण्याचा अधिकार मला कितपत आहे, कोण जाणे. तरी लिहितो.

तेव्हा मी होटगी स्टेशनवर पार्सलबाबू होतो. १९७३ चा नाताळ, दुष्काळानंतरचा पहिला. सकाळी सोलापूरच्या चर्चमध्ये उपासना करून आम्ही रेल्वेच्या क्वार्टरवर परतलो. परक्याला घरात घेण्याविषयीचा शास्त्रपाठ त्या दिवशी मीच वाचला होता. स्पष्ट ऐकू आला, असं रंभाबाई म्हणाली. ती पहिल्या बाकावर बसली होती.

घरात वर्षभरानं मटण शिजत होतं. मी चुलीपासून हलत नव्हतो.

एवढ्यात दारात एक माणूस म्हाताऱ्या आईला धरून उभा राहिला. त्याचं नाव सिद्धलिंगप्पा, आईचं सावित्रम्मा; दोघं लिंगायत. विजापूरकडची गाडी उशिरा आली आणि पुढची चुकली. आता थेट संध्याकाळी.

"आई कालपासनं उपाशी हाय," तो म्हणाला. "परक्या हातचं खात न्हाय. आता चक्कर यायलीय. चुलीपुरती जागा मिळंल का, बाबूसाहेब?"

"स्टेशनवर वेटिंग रूम आहे," मी म्हणालो. पाठाचा कागद अजून माझ्या खिशात होता.

रंभाबाईनं मला बाजूला सारलं. "या अव्वा, आत या."

तिनं मागच्या अंगणात तीन दगड मांडले. कोरं मडकं, ज्वारीचं पीठ, डाळ, रवा, गूळ काढून दिला. पाणी सिद्धलिंगप्पानं स्वतःच नळावरून आणलं. मग तिनं मटणाचं पातेलं उतरवून माझ्या हातात दिलं.

"जैनबीकडं ठेवून या. या वासानं म्हातारीला घास उतरायचा न्हाय. म्हणावं, गाडी गेली की नेतो."

जैनबी म्हणजे पॉइंट्समन दावलची बायको, तीन घरं सोडून राहणारी. तिनं झाकण उघडलं. सहा पोरं गोळा झाली.

"नाताळका है क्या, बाबूजी? इत्ता सारा? मुलाण्याकडचाच है ना, हलाल?"

मला एकच वाक्य बोलायचं होतं. येताना ते मी दोनदा म्हणूनही पाहिलं होतं.

"हो," मी म्हणालो. "पोरांना द्या." हे दुसरं वाक्य कुठून आलं, ते मला आजही माहीत नाही.

"सांगितलंत ना नीट?" घरी रंभाबाईनं विचारलं.

"सांगितलं."

तासाभरात जैनबी घासलेलं पातेलं घेऊन आली. तळाशी मूठभर साखर होती. सणाचं भांडं कुणी रिकामं परत करत नाही. ती गेल्यावर रंभाबाईनं साखरेकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"आता जेवा साखर," ती म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली.

अंगणात सावित्रम्माची भाकरी झाली होती. ताट वाढून ती बसलीही होती. हसू ऐकून तिनं काय झालं ते विचारलं. रंभाबाईनं काही लपवलं नाही. म्हातारीनं ताट बाजूला सारलं.

"सणाला घरधनी उपाशी, आन मी जेवू व्हय?"

"आई, खाऊन घे की. पडशील," सिद्धलिंगप्पा म्हणाला.

तिनं ऐकलं नाही. आणखी पीठ मळलं, भाकऱ्या थापल्या. गुळाचा सांजा केला. आम्हा दोघांना आमच्याच अंगणात पानावर बसवलं. परक्यांसमोर जेवायला मला लाज वाटते. मी खाली मान घालून बसलो.

"अहो, खा," रंभाबाई कुजबुजली. "तुमी घास घेतल्याबिगर ती खायची न्हाय."

मी घाईनं सांज्याचा घास तोंडात टाकला. जीभ चांगलीच भाजली. तेव्हा कुठं म्हातारीनं भाकरी मोडली.

पुढच्या नाताळला रंभाबाईनं दोन पातेली चढवली. जैनबीकडचं पातेलं पोचवायला ती स्वतः गेली. मला तिनं घरच्या पातेल्याजवळ बसवलं, आणि कुणी आलं तर तोंड उघडू नका, म्हणून बजावलं.