गयाबाईंची गुलाबी मच्छरदाणी

श्यामराव गप्प बसले असते, तर गयाबाईंची गुलाबी मच्छरदाणी महालक्ष्म्यांच्या मखरावर चढली नसती. पण प्लांटच्या ऑफिसात कारकुनी करणाऱ्या आणि पेपर शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचणाऱ्या माणसाने गप्प कसे बसायचे?

त्या वर्षी भिलाईत डेंग्यूची साथ होती. श्यामरावांच्या शेजारच्या क्वार्टरमधल्या गयाबाई त्यातून नुकत्याच उठल्या होत्या. मूळच्या भंडाऱ्याकडच्या, आवाज असा की प्लांटच्या भोंग्याने दबून राहावे. दुपारचे जेवण झाले की ओट्यावर खाट टाकायची, मच्छरदाणी सोडायची आणि घोरायचे, हा त्यांचा नेम. त्यांना धीर यावा म्हणून श्यामरावांनी सांगितले की वहिनी, तुमच्या रक्तात आता अँटीबॉडी तयार झाल्यात. शास्त्रज्ञ त्यांच्यापासूनच डेंग्यूचे औषध काढायच्या खटपटीत आहेत, तुमच्या अंगात ते आयतेच आले.

गयाबाई धीरापाशी थांबल्या नाहीत. संध्याकाळपर्यंत त्या चालतेबोलते औषध झाल्या. समोरच्या नलूने तापलेल्या नवऱ्याच्या कपाळावर त्यांचा हात ठेवून घेतला. महालक्ष्म्या बसल्या तेव्हा गयाबाईंनी मच्छरदाणी खाटेवरून काढून नलूच्या मखराला छत म्हणून देऊन टाकली आणि स्वतः ओट्यावर उघड्याच झोपू लागल्या.

हा पराक्रम श्यामरावांनी दवाखान्यात डॉक्टरांना कौतुकाने सांगितला. डॉक्टरांनी चष्मा काढला. डेंग्यू चार जातींचा असतो, ते म्हणाले. एका तापात झालेल्या अँटीबॉडी त्या जातीची कॉलर धरतात. पण दुसऱ्या जातीचा आला तर कधीकधी त्याला हात धरून घरात आणतात. म्हणून दुसऱ्या खेपेचा ताप जिवावर बेतू शकतो, आणि म्हणूनच ते औषध अजून कोणाला जमलेले नाही. त्या बाईंना डासांपासून जपा. हा डास दिवसाच चावतो.

श्यामरावांनी घरी येईपर्यंत स्कूटर दोनदा चुकीच्या सेक्टरमध्ये वळवली. गयाबाई ओट्यावर पसरल्या होत्या आणि दंडावर एक डास निवांत जेवत होता. श्यामरावांनी तो मारला, वर दंडाला चापट का मारली हे समजावत बसावे लागले. चारही जाती सांगून झाल्यावर गयाबाई म्हणाल्या, "परवा म्हने औषध हाये, अन् आज कावून भेववून राहिले, भाऊजी? तुमचा पेपर रोज बदलते, मायं रक्त नाही बदलत."

गुलाबी मच्छरदाणी परत आणा म्हटले, तर म्हणे देवीले दिलेली वस्तू मागत नसतात. श्यामरावांनी आपली पांढरी मच्छरदाणी नेऊन दिली. गयाबाईंचे यजमान हिरालाल प्लांटमधल्या कोक ओव्हनची ड्यूटी करून आले, त्यांनाही गळ घातली. ते म्हणाले, आजवर माझे कधी ऐकले आहे का तिने?

दुसऱ्या दिवशी सकाळी गयाबाई घडी केलेली मच्छरदाणी परत करायला श्यामरावांच्या दारात हजर. श्यामराव पुन्हा पहिल्या जातीपासून सुरू झाले. गयाबाईंचे लक्ष खिडकीतल्या कूलरकडे गेले. उन्हाळा कधीच संपला होता, पाणी मात्र तसेच होते. त्यांनी झाकण सरकवून आत पाहिले. डासांच्या काळ्या अळ्यांची जत्रा वळवळत होती. श्यामराव तिसऱ्या जातीवर येईतो गयाबाई मच्छरदाणी काखेत मारून निघूनही गेल्या होत्या.

दुपारी ओट्यावर पांढरी मच्छरदाणी लागली, चारही कडा गादीखाली घट्ट खोचलेल्या. श्यामरावांचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच छाती पुढे आली. ते मच्छरदाणीपाशी वाकून म्हणाले, "पटलं ना वहिनी, शेवटी शास्त्र?"

आतून, डोळे न उघडता उत्तर आले, "शास्त्र नाही, तुमचा कूलर पाह्यला."