लाईट गेल्यावर काय करायचं, ती ओळ

मी धारूरला घरी बसून माणसाच्या वतीनं कामं उरकणाऱ्या एआय एजंटांसाठी सॉफ्टवेअरच्या टूल्सची माहिती लिहितो आणि एजंट ते टूल कसं चालवतो ते बघून पास-नापासचा शेरा देतो. ट्रॅक्टर बुक करायचं ते टूल आठवलं की अजून डोकं तापतं.

आमच्याकडं लाईट गेली की नेट जातं. बुकिंग झालेलं असतं, पण उत्तर परत येत नाही. एजंटाला वाटतं, झालंच नाही. तो पुन्हा बुक करतो. म्हणून मी लिहिलं होतं, 'उत्तर आलं नाही तर आधी बुकिंग झालंय का ते बघ.'

आमच्या कंपनीच्या पुण्याच्या साहेबांनी ती ओळ काढली. "इथं तर कधी अडलं नाही," म्हणाले.

टूल सुरू झालं आणि पहिल्याच आठवड्यात, एजंटाला एकच ट्रॅक्टर सांगितलेल्या माझ्या चुलत्याच्या बांधावर तीन ट्रॅक्टर येऊन उभे राहिले. तिन्ही ड्रायव्हर बिचाऱ्या चुलत्यावर ओरडत होते. मी तिथूनच साहेबांना फोन लावला.

"एजंट नापास, असं लिहून टाका," ते शांतपणे म्हणाले.

माझं टाळकंच सटकलं. "त्याला कावून नापास करू? लाईट जाते हे त्याला ठाऊकच न्हाई. मी सांगितलं होतं, ते तुमी खोडलं. नापास तर लिहितोच साहेब, पण एजंटाच्या जागी तुमचं नाव लिहितो."