घाटावरचा रिकामा तंबू

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण डोळे मिटले की मला दिसतो तो धारूरच्या घाटावरचा एक रिकामा तंबू. आत नीट घडी घातलेली चादर, चादरीवर मोबाईल, आन बाई गायब.

श्रावण होता. घाटावरच्या जंगलात पर्यटकांसाठी तंबू लावले होते. शहरातली माणसं यायची, एक रात्र झाडाखाली झोपायची आन सकाळी मोर ओरडला की छातीवर हात ठेवून म्हणायची, "वॉव!" ही नक्कल मी लई भारी करतो, पण कागदावर जमत न्हाई. आमच्याकडचे लोक हसायचे. जन्मभर रानात फुकट झोपलो, तवा कुणी वॉव म्हणलं न्हाई.

दुपारी तिथल्या वॉचमनचा ठाण्यात फोन आला. "साहेब, तंबूतली सून बेपत्ता हाय. एका लाल शर्टवाल्याच्या मोटारसायकलवर बसून गेली. म्या सोत्ता बघितली. रडत होती." स्टेशन डायरीला नोंद टाकली, एक शिपाई घेतला आन जीप काढली.

वर पोचलो तर सासरे उभेच. तालुक्यातले वजनदार पुढारी. बायको, पोरगा आन सून घेऊन एक रात्र जंगलात राहायला आले होते. हातात माईक नव्हता, पण मूठ माईक धरल्यासारखीच.

"साहेब! लिहून घ्या! अज्ञात इसमानं फूस लावून पळवली! आन हे बी लिहा, ती सापडली तरी आमच्या घरात तिला जागा न्हाई!"

एवढ्यावर टाळ्या पडतील म्हणून ते जरा थांबले. मोर ओरडला.

मी म्हणालो, "दादा, सज्ञान बाई हाय. आधी मिसिंग, म्हंजी बेपत्ताची नोंद, दाखल होईल. आन तुमी म्हणता ते एकदा कागदावर आलं ना, मग तुमाला बी पुसता यायचं न्हाई."

मला धास्ती त्याचीच होती. 'पळून गेली' एवढं लिहायला पेनाला काही जड नसतं. पण ते लिहिलं की त्या पोरीचं सासर संपणार होतं. आन आमच्या भागात सासरनं टाकलेल्या पोरीला माहेर तरी किती दिवस पुरतं?

तिच्या नवऱ्याला बाजूला, पळसाखाली घेतला. चांगला शिकलेला, पण बापासमोर मान वर न करणारा.

"भांडण झालतं?"

"न्हाई साहेब."

"फोनवर कुणाशी बोलायची?"

"फोन मीच तपासतो रोज."

"वा! आमच्या सायबर सेलला ये की बे. आज सकाळपासून काय झालं ते सांग."

"काय न्हाई. आईनं तंबूपुढं भजी तळली. हिनं एक बी तोंडात घातलं न्हाई. म्हणलं रुसली आसंल."

"विचारलंस?"

त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी त्याला तमिळ बोलायला लावलंय.

मग गेटवर गेलो. तिथं एक चाचा हातगाडीवर कणसं भाजायचे. मोटारसायकल त्यांच्या नाकासमोरून गेली असणार.

"चाचा, लाल शर्टवाला कोण होता?"

"हमकु क्या मालूम साब. मेरा ध्यान भुट्टे पे था."

खोटं बोलणारा माणूस एक तर लई बोलतो, न्हाईतर हाताला काम लावून घेतो. चाचा विझलेल्या कोळशाला वारा घालत होते. गाडीवर एक कणीस नव्हतं. पण म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर भीती न्हाई, हट्ट दिसत होता. अशा माणसाला दमदाटी केली की तो आणखी घट्ट होतो. मी मागं फिरलो.

तंबूपाशी सासूबाई एकट्या बसल्या होत्या. पुढ्यात भज्यांचं ताट, गार पडलेलं. सुनेसारखंच त्यांनी बी एकाला हात लावला नव्हता.

"आई, तुमी कावून खाल्लं न्हाई?"

"उपास हाय."

"आज कशाचा?"

त्यांनी आधी मालकांकडं बघितलं. ते लांब फोनवर कुणाला तरी झापत होते. मग हळूच म्हणाल्या, "भावाचा. उद्या पंचमी न्हाई का?"

पंचमीच्या आदल्या दिवशी बाया भावासाठी उपास धरतात. माझी बायको धरते, आई धरायची. आन मी मघापासून लाल शर्टात यार शोधत होतो.

"मंग सुनंचा बी उपासच आसंल."

बाईंनी पदर तोंडाला लावला. "तिला भाऊ हाय हे आमच्या घरात बोलायचं न्हाई साहेब. सोसायटीच्या इलेक्शनला तो ह्यांच्या विरोधी पॅनलात गेलता. तवापासून तुटलं. पंचमीला मुराळी म्हणून बहिणीला न्यायला येतो, हे दारातूनच वाटेला लावतात. पोरगी चुलीपाशी उभी राहून गाडीचा आवाज लांब जाईस्तोर ऐकती." मग त्यांनी दरीकडं बोट केलं. "त्ये खाली देवळाचं शिखर दिसतं ना, त्ये तिचं गाव. सकाळपासून तिकडंच बघत होती. मला समदं कळत होतं. मी बी माझा भाऊ लई दिवसांत बघितला न्हाई."

परत चाचांकडं गेलो. म्हणालो, "चाचा, पोरीचा भावाचा उपास हाय, मला कळलंय. तिचे सासरे भलतंच लिहायला लावायलेत."

चाचांनी हातातला पुठ्ठा खाली ठेवला. "पहले बोलना था ना साब! बच्ची ने मेरे फोन से भाई कु बुलाया. बोली, चाचा, किसी कु बोलना नको. तो नै बोला."

नवऱ्याला जीपमध्ये घातला आन घाट उतरलो.

गावात घर विचारायची गरज पडली न्हाई. लिंबाच्या झाडाला झोका बांधलेला, लाल शर्टवाला झोका देतोय, आन ती पोरगी पाय आभाळाकडं करून हसतेय. नवरा जीपमध्येच थिजला. हळूच म्हणाला, "साहेब, ही अशी हसती व्हय?"

वर्दी दिसली तसा झोका थांबला. भाऊ पुढं आला. "साहेब, गुन्हा माझा हाय. तिला कायबी म्हणू नका."

"कोणता गुन्हा बे? कलम सांग."

पोरगी खाली उतरली, पदर सारखा केला. "दिवस बुडायच्या आत वर जाणारच होते साहेब. नुसतं घर बघायचं होतं. गाडीवर बसले आन रडूच आलं."

शिपायानं जबाब घेतला. स्वखुशीनं भावासोबत आले, कुणी फूस लावली न्हाई. बेपत्ता बाई मिळून आली की शेवटी विचारावं लागतं, तसं मी विचारलं, "आता तुला कुठं जायचंय?"

तिनं सवयीनं नवऱ्याकडं बघितलं. मी मधे उभा राहिलो. आडवा देह तेवढ्या कामाला येतो.

"पंचमीपतोर हितं," ती म्हणाली. "मग माझ्या घरी."

तेवढ्यात नवऱ्याचा फोन वाजला. सासऱ्यांचा आवाज झोक्यापतोर ऐकू येत होता. पोरगं म्हणालं, "बाबा, सापडली. भावाकडं हाय. आन मी बी आज हितंच मुक्कामाला हाय." फोन बंद करून त्यानं खिशात घातला. भावानं बाज ओढून दिली आन सोत्ता लांब ओट्यावर जाऊन बसला. ते त्यांचं त्यांनी बघावं, पोलिसांचं काम न्हाई ते.

पुढं ती दर साली पंचमीला माहेरी जाती का, मला ठाऊक न्हाई. माझी बदली झाली. पण त्या केसनं एक सवय लावली. 'तुला कुठं जायचंय' हा प्रश्न आमी कागद संपता संपता विचारायचो, मी तो आधी विचारायला लागलो. ठाण्यात आलेल्या बऱ्याच जणी बोलायच्या आधी मागं उभ्या असलेल्या माणसाकडं बघायच्या. मग त्या माणसाला मी चहा प्यायला बाहेर धाडायचो आन दार लावून घ्यायचो.

दार लागलं की बाया बोलायच्या. कितीतरी जणी ज्या घराचं नाव घ्यायच्या, तिथं आता त्यांचं कुणीच राहिलेलं नसायचं. मी पेन खाली ठेवायचो आन विचारायचो, "कसं होतं घर?" जबाबात ते लागत न्हाई. तरी मी सगळं ऐकून घ्यायचो.