एका बाजूने ऐकलेला बेसवादक

एका परदेशी रॉक बँडच्या बेसवादकाच्या निधनानंतर नगरमध्ये तरुण मंडळींनी जी शोकसभा घेतली, तिचा वृत्तान्त माझ्या एका मित्राने लिहून मोबाईलवरून गावभर धाडला आहे. हा मित्र भिंगारच्या बाजारपेठेतला शिंपी. आमची ओळख पन्नास वर्षांची आणि भांडणही तेवढेच जुने. कापडावर त्याचा टाका कधी चुकला नाही. या वृत्तान्तात मात्र एकही सरळ पडलेला नाही. 'प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणजे काय हे इथे कोणाला ठाऊक नव्हते, तेव्हा आम्हा तिघा मित्रांना त्यातला बेस गिटारचा खर्ज वेगळा ऐकू येई. आमचे कानच तसे तयार होते,' असे तो लिहितो. कान तयार नव्हते. पुढे लिहितो, 'आमचा श्रीरामपूरचा मित्र प्रकृतीच्या कारणाने येऊ शकला नाही.' त्याची प्रकृती ठणठणीत आहे. तो माझ्यामुळे आला नाही. हे मी सभेपूर्वीच शिंप्याला सांगितले होते. त्यावर तो म्हणाला, "अरे मिस्त्री, लोकांना गोष्ट लागते. मयताच्या सभेत तुझी सोल्डरगन कशाला?"

सोल्डरगनशिवाय, म्हणजे तारा डाखायच्या त्या तापत्या हत्याराशिवाय, ही गोष्ट सांगता येत नाही, म्हणून मी ती लिहितो आहे.

मी भिंगारला लष्कराच्या वर्कशॉपमध्ये मुलकी नोकरीत रेडिओ दुरुस्त करीत असे. बदली होऊन निघालेल्या एका अधिकाऱ्याने घरचे सामान विकायला काढले, त्यातून मी एक रेकॉर्ड प्लेअर आणि त्या बँडची एक रेकॉर्ड घेतली. ती मुंबईहून मागवली होती, ही शिंप्याचीच आणखी एक थाप. प्लेअरच्या दोन स्पीकरांपैकी एक मुका होता. सुईच्या मागची केसासारखी तार तुटली होती. असली कामे मी डोळे मिटून करीत असे. त्या दिवशी घाई केली. सोल्डरगन क्षणभर जास्त टेकली, तार जिला जोडायची ती पिन तापली आणि आतला नाजूक भाग जळून गेला. तसा भाग नगरमध्ये मिळत नव्हता. ती बाजू कायमची गेली.

त्या काळच्या काही रेकॉर्डवर वाद्ये दोन स्पीकरांत वाटून दिलेली असत. जळालेल्या बाजूला गिटार, ऑर्गन आणि बहुतेक सगळे गायन होते. आमच्या वाट्याला आला तो बेस गिटार, थोडासा ड्रम आणि शेजारच्या घरातून यावा तसा कोणाच्या तरी गाण्याचा आवाज. इतक्या लोकांतून आम्ही बेसवादकाला निवडले नाही. दुसरे कोणी ऐकूच येत नव्हते.

श्रीरामपूरचा मित्र तेव्हा नगरला कॉलेजात होता. पुढे शाळेत शिक्षक झाला. आम्ही त्याला आधीपासूनच मास्तर म्हणत असू. पहिल्या रविवारी तो जमिनीवर मांडी घालून बसला आणि रेकॉर्डची एक बाजू संपेपर्यंत हलला नाही.

"मिस्त्री, हा एकटा गडी सगळं गाणं उचलून चाललाय. बाकीचे कुठं गेलेत?"

"बाकीचे लागतच नाहीत," मी म्हणालो.

ज्याने हात लावलेला सेट पुन्हा तपासायची गरज नसे, अशी माझी वर्कशॉपमध्ये ख्याती होती. 'मी पिन जाळली' हे तीन शब्द मला उच्चारता आले नाहीत. त्याच प्लेअरवरून मी मास्तरला कॅसेट भरून दिली. ती ऐकत तो बेस गिटार शिकला आणि श्रीरामपूरच्या चर्चमध्ये गाणाऱ्यांच्या मागे उभा राहून अनेक वर्षे वाजवीत राहिला.

एकदा तो पुण्याला गेला असता रेकॉर्ड विकणाऱ्या एका दुकानात त्याला तेच गाणे पूर्ण ऐकवले गेले. त्याने वाद घातला, लोक हसले. परत येताना तो घरी न जाता थेट भिंगारला माझ्याकडे उतरला.

"दोन्हींतलं खरं कोणतं, तेवढं सांग."

"आपलं," मी म्हणालो. "तिकडचं नंतर सजवलेलं आहे."

'सजवलेलं' हा शब्द त्याने जन्मभर वापरला. कोणी ते गाणे मोबाईलवर लावले, की 'सजवलेलं आहे' म्हणून तो उठून जाई. त्याची बायको वारली तेव्हा मी आठवडाभर त्याच्याकडे राहिलो होतो. निघताना तो म्हणाला होता, "तो एकटा अख्खं गाणं नेतो. मलाबी जमंल." त्या क्षणी तरी मी बोलायला हवे होते, असे कोणी म्हणेल. त्याने त्या आठवड्यात त्या घरात राहून पाहावे, मग बोलावे.

बेसवादक गेल्याची बातमी आली त्याच सकाळी मास्तरचा फोन आला. आम्ही त्या बेसवादकाला कधी पाहिले नव्हते, त्याची भाषाही आम्हाला धड येत नव्हती. तरी घरातला वडीलभाऊ गेल्यासारखे वाटत होते. मास्तर म्हणाला, "पोरं रविवारी नगरला सभा घेनार हायेत म्हनं. मी कॅसेट घेऊन येतो. त्या पोरांना सभेत खरी रेकॉर्ड ऐकवतो. आन सांगतो, तुमचं समदं सजवलेलं हाय."

पुण्यातल्या दुकानात चार माणसे हसली होती. इथे भरलेले सभागृह हसणार होते. शनिवारी मी एसटीने श्रीरामपूर गाठले.

कॅसेट टेबलावर रुमालात गुंडाळून ठेवलेली होती.

"उद्या ही लावू नकोस, मास्तर."

"का? तुझ्या जुन्या टेपची लाज वाटती व्हय?"

"माझी वाटते."

मग मी सगळे सांगितले. तार, पिन, जळालेली बाजू. संपल्यावर त्याने विचारले, "मी पुण्याहून आलो, तवा तुला ठावं हुतं?"

"होतं."

"त्या दुकानात मी तुझ्यासाठी भांडलो, मिस्त्री."

"त्याच्यासाठी भांडलास."

"न्हाई. तुझ्यासाठी. माझा मित्र मशिनचा माणूस हाय, तो खोटं बोलत न्हाई, असं म्हनालो मी त्यांना."

मी कॅसेटवरचा रुमाल नीट करीत राहिलो.

"पुरं गाणं हाय का तुझ्याकडं?" त्याने विचारले.

मोबाईलवर होते. त्याने माझे इअरफोन घेतले आणि दोन्ही कानांत घातले. एक मला देईल, असे मला उगाच वाटले होते. मी समोरच्या खुर्चीवर बसलो. मला काहीच ऐकू येत नव्हते. पण गाणे कुठपर्यंत आले आहे, ते त्याच्या बोटांवरून कळत होते. उजव्या हाताची दोन बोटे मांडीवर खर्जाबरोबर चालत होती, एकही ठोका न चुकता. मग जिथे बाकीची वाद्ये एकदम उचल घेतात, तिथे ती थबकली. पुन्हा निघाली, पुन्हा चुकली आणि थांबली ती थांबलीच. त्याने हात उचलून दुसऱ्या हातात धरला. डोळ्यांतले पाणी त्याने पुसले नाही.

गाणे संपले. मी हात पुढे केला. त्याने मोबाईल दिला नाही. बोटाने ते पुन्हा सुरुवातीला नेले आणि माझ्याकडे न पाहता म्हणाला, "एवढी माणसं हुती त्याच्यासंगं."

दिवस मावळेपर्यंत तो ऐकत राहिला आणि मी बसून राहिलो. शेवटच्या बसच्या वेळी त्याने मोबाईल माझ्या हातात दिला आणि दार उघडून उभा राहिला. रविवारी तो आला नाही. तो आजारी नव्हता.