तळ्याच्या वळणावर बंद पडणारी गाडी

दर रविवारी तळ्याच्या वळणावर लुबोर कुबातची जुनी मोटरसायकल आधी एक उसासा टाकायची, मग दुसरा, आणि लिंडनच्या झाडांच्या सावलीत शिरता शिरता गप्प व्हायची. बंद पडायची म्हणणं तिच्यावर अन्याय होईल. बोलता बोलता मूल झोपी जातं, तशी ती थांबायची. मागे निळसर धूर उरायचा, त्यात लिंडनच्या फुलांचा मधाळ वास मिसळायचा, आणि तळ्यातले हंस आपल्याला काही ऐकूच आलं नाही अशा थाटात तरंगत राहायचे.

लुबोरचं याकडे लक्ष नसे, निदान तो स्वतःला तसं सांगे. तो बिघाड शोधत असे.

शोधायची रीत ठरलेली. आधी टाकीचं झाकण उघडून पेट्रोल आहे का पाहायचं. असायचंच, सकाळी त्यानेच ऑईल मिसळून भरलेलं. मग टाकीखालच्या पेट्रोलच्या कॉकची जाळी. मग कार्बुरेटरची वाटी सोडवून तळाशी पाणी किंवा कचरा साचलाय का, ते बोटाने चाचपायचं. शेवटी जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी पितळी नळी, काढून उजेडाकडे धरायचा. जेटच्या त्या बारीक भोकातून चेक देशातल्या मोरावियाचं आभाळ मोहरीच्या दाण्याएवढं दिसतं. लुबोर ते गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ पाही. सगळं जोडलं, किक मारली, की गाडी सुरू. म्हणजे जेटमध्येच कचरा होता, असा निष्कर्ष काढून तो घरी जाई आणि पुढच्या रविवारी त्याच वळणावर तोच निष्कर्ष पुन्हा काढी. वसंत ऋतूपासून त्याने जेट बदलला, सुई बदलली, फ्लोट बदलला. बिघाडाने जागा बदलली नाही.

त्याचं आयुष्य रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये गेलं होतं. थांबवलेल्या प्रत्येक गाडीमागे त्याच्याकडे कारण होतं. बायको व्लास्ता गेली आणि घरात कुणाला कारण सांगायची सोयच उरली नाही. तेव्हा त्याने शेडमधून वडिलांची मोटरसायकल बाहेर काढली. तो दर शनिवारी ती पुसायचा, आणि टाकीच्या झाकणाला इतकं पॉलिश करायचा की त्यात बघून दाढी करावी.

वळणावरच्या कुंपणापलीकडे द्राहोमीरा राहायची. तिचा नवराही गेलेला, मुलगी शहरात, आणि हंस तिचे. पहिल्या रविवारी ती कुंपणाशी येऊन म्हणाली, "मेली का?"

"पेट्रोल पोचत नाहीये."

"आमचे हे पण असंच काहीबाही सांगून तास तास अंगणात बसायचे. कॉफी घेणार?"

त्या भागात कॉफीची पूड थेट पेल्यात टाकून वर उकळतं पाणी ओततात. गाळ खाली बसेपर्यंत थांबावंच लागतं, आणि थांबलेली माणसं बोलतात. लुबोर कुंपणाच्या अलीकडे, ती पलीकडे. बोलणं हवेवरून हंसांवर, हंसांवरून जावयावर. मधेच दोघंही गप्प होत, आणि त्या गप्प बसण्यात इतकं ऊन, इतका मंद वारा असे की लुबोरला आपण जागे आहोत का याची खात्री नसे.

"कुबातसाहेब, गाडीला आमचं वळण आवडलेलं दिसतंय," ती एकदा म्हणाली.

"यंत्राला आवडनिवड नसते, द्राहोमीराबाई."

"असं? मग चालवणाऱ्याकडे बघायला हवं." आणि तिने त्याच्यापुढे आलुबुखाराचा कोलाच, तिकडचा गोड भरला पाव, सरकवला. कोलाच खाताना उत्तर देता येत नाही, ही त्या पदार्थाची मोठी सोय.

घोटाळा केला बेद्रिखने. हा लुबोरचा केबिनमधला जुना सोबती, दुसऱ्याच्या बिघाडात नाक खुपसण्याची भारी हौस असलेला. एका शुक्रवारी बिअर पिताना त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "झाकण उघडताना सुस्स असा आवाज येतो?"

"येतो."

"आणि नंतर चालू होते."

"जेट साफ केल्यावर."

"कप्पाळ तुझं. झाकण उघडल्यावर." बेद्रिख त्याला ओढतच शेडमध्ये घेऊन गेला. त्याने झाकण हातात घेतलं, टाचणी मागितली आणि श्वासाच्या भोकातून पॉलिशचा वाळलेला लगदा उकरून काढला. "टाकीत हवाच शिरत नव्हती. पेट्रोल खाली उतरणार कसं? दर शनिवारी तू स्वतः बूच मारतोस आणि रविवारी कचरा शोधत फिरतोस. धन्य आहेस लेका."

"बरं झालं, सापडलं," लुबोर म्हणाला. व्लास्ताच्या अंत्यविधीला आलेल्यांचे आभारही त्याने याच सुरात मानले होते.

रविवारी गाडी थांबली नाही. वळण आलं, सावली आली, इंजिन एका सुरात गात राहिलं. कुंपणावर दोन पेले वाफाळत होते. द्राहोमीरा हात पुसत उभी होती. लुबोरने मान हलवली, तिनेही हलवली, आणि ती आरशात लहान लहान होत गेली.

पुढचा सगळा रस्ता सोन्यासारख्या गव्हातून गेला. गाडी आयुष्यात कधी इतकी सुंदर चालली नव्हती, आणि लुबोरला तिचा राग आला. कॉक बंद करावा? दोन मिनिटांत गाडी आपोआप थांबेल. पण ते खोटं झालं असतं, आणि गाडी खोटीच वळणाच्या बरोबर जागी बंद पाडायला फार हिशेब लागतो. बूच पुन्हा मारावं? छे. पुढच्या गावाच्या चर्चला वळसा घालून तो परतला, आणि प्रत्येक टेकाडावर त्याला वाटत राहिलं, की पेले एव्हाना आत गेले असतील.

पेले तिथेच होते. वाफ मात्र नव्हती.

त्याने ब्रेक दाबला. थांबला. इंजिन टुकटुक करत चालूच होतं. आता टाकीकडे हात नेण्याचंही कारण नव्हतं, त्यामुळे हातांचं काय करावं ते त्याला कळेना.

"आज काय बिघडलं?" द्राहोमीराने विचारलं.

"काही नाही."

"पेट्रोल?"

"पोचतंय."

"जेट?"

"स्वच्छ आहे. काहीच बिघडलेलं नाही, द्राहोमीराबाई. मी थांबलोय."

तिने यावर विचार केला. घाईने नाही. मग फाटकाची कडी काढली.

"मग बंद करा ते इंजिन," ती म्हणाली. "आणि आत या. कॉफी निवली, नवी करावी लागेल."

लुबोरने किल्ली फिरवली.