केदारचा नऊ व्होल्टचा डबा

आमच्या बँडचं एकही गाणं कुणाला पाठ नाही, खरं तर आम्हालाही नाही. किस्से मात्र विचारा! गाणं बसवायला महिने लागतात. किस्से आपोआप साठतात, घरात जुने चार्जर साठतात तसे. उपयोग शून्य आणि टाकवतही नाहीत.

आम्ही चौघं. तन्वी गाते. दत्ता ड्रम वाजवतो. हडपसरला त्याच्या वडिलांच्या बिल्डिंगखालचा रिकामा गाळा म्हणजे आमचा प्रॅक्टिस हॉल. मी हिंजवडीत नोकरी करतो आणि उरलेल्या वेळात दुसरी गिटार वाजवतो. पहिली गिटार नारायण पेठेतल्या केदारची. हा माणूस गिटार हातापेक्षा पायाने जास्त वाजवतो. त्याच्यापुढे पेडल्सची रांग असते, पायाने दाबायचे छोटे डबे. एखादा आवाज फाडतो, एखादा घुमवतो. प्रत्येकाला नऊ व्होल्टची वीज लागते, आणि केदारने सगळे एकाच स्वस्तातल्या अ‍ॅडॉप्टरवर जोडले होते. त्यामुळे स्पीकरमधून गाण्याआधी, गाण्यात आणि गाण्यानंतर एकच आवाज: घुंऽऽऽ!

एका महोत्सवात नव्या बँडना स्टेज देतात. आधी रेकॉर्डिंग पाठवायचं, आवडलं तर बोलावतात. आम्ही दोनदा पाठवलं, दोनदा नकार आला. "घरघरीमुळे," केदार म्हणाला. आम्ही तिघांनी माना डोलावल्या. यंदाचा प्रयत्न शेवटचा, कारण तन्वीची चेन्नईला बदली झाली होती. ती गेल्यावर उरणार तीन हताश पुरुष आणि एक गाळा.

*

दत्ताच्या वडिलांना आम्ही आबा म्हणतो. एका रविवारी ते तणतणत खाली आले. "पाण्याची मोटर चालू ठिवलीय व्हय रं?" मोटर बंद होती. मग त्यांनी केदारच्या स्पीकरला कान लावला आणि मान हलवत वर गेले.

पुढच्या आठवड्यात खरी मोटर चालू राहिली. सगळे भाडेकरू ओरडत होते, आबा गॅलरीत निवांत! "गप बसा, पोरं वाजवत्यात." टाकी भरून जिन्यातून पाणी रस्त्यावर आलं, तेव्हा आम्ही गाळ्यात नव्हतोच.

*

तयार पॉवर सप्लाय बाजारात मिळतो. पण केदार म्हणाला, "विकतच आणायचा तर इंजिनिअरिंग कशाला केलं?"

त्याची आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "अरे, पण तुझं मेकॅनिकल ना?"

सामान आणायला आम्ही दोघं गेलो. केदारने दुकानदाराला यादी सांगितली आणि विचारलं, "काका, गिटारच्या पेडलला हे चालेल ना?"

"गिटारला तारा असतात, एवढंच मला माहीत आहे."

"नाही, म्हणजे जळणार वगैरे नाही ना काही?"

"अहो, आपल्याला सामान हवंय की आशीर्वाद?"

*

पहिला सप्लाय त्याने आईच्या स्टीलच्या डब्यात बसवला. दिवाळीच्या चकल्यांचा तो डबा! झाकणाला ओळीने भोकं पाडलेली बघून काकू शांतपणे म्हणाल्या, "भोकंच हवी होती, तर चाळणी न्यायचीस."

पण खरं दुःख पुढे आहे. घरातल्या बहुतेक अ‍ॅडॉप्टरची पिन मध्ये प्लस असते, गिटारच्या पेडल्सना मध्ये मायनस लागतं. केदारने घरच्यासारखं मध्ये प्लस दिलं, आणि पहिलं जोडलं ते त्याचं सर्वांत लाडकं पेडल. पहिल्या पगारातून घेतलेलं. 'टक्' झालं, आणि गाळ्यात जळका वास पसरला. केदार त्या पेडलवर हात ठेवून बसला, ताप उतरलाय का बघावं तसा. मला त्याच्याकडे बघवेना.

शेवटी दत्ता काड्या बॅगेत भरत म्हणाला, "ड्रमला कुठली पिन मध्ये असते रं? आपलं विचारून ठेवतो."

*

दुसऱ्या वेळी मात्र केदार रीतसर अभ्यास करून आला. प्रत्येक पेडलला स्वतंत्र वीज, कुणाच्या वायरीचा कुणाशी संबंध नाही. घरघर येते ती या सगळ्या वायरी एकमेकींना जोडल्या गेल्यामुळे, असा त्याचा निष्कर्ष. त्याने फळ्यावर चित्र काढून आम्हाला समजावलं. आम्हाला पटलंही.

स्विच दाबला. घुंऽऽऽ!

दिवसभर शोधल्यावर कळलं, की आतले भाग तापू नयेत म्हणून त्याने ते सगळे एकाच अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याला स्क्रूने आवळले होते. एवढ्या कष्टाने वेगळ्या केलेल्या वायरी त्या पत्र्याने पुन्हा एक झाल्या होत्या! केदारने कपाळावर हात मारला.

"आमच्या चुलत्यांचं असंच हाय," दत्ता म्हणाला. "शेताच्या वाटण्या केल्या, बोअर तेवढी सामाईक ठेवली. मग घरघर व्हणारच की!"

तन्वी हसली नाही. तिचं सामान बांधून झालं होतं. "पुढचा रविवार माझा शेवटचा आहे, केदार," एवढंच बोलली आणि रिक्षा बघायला बाहेर गेली. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की आमचं काही होणार नाही.

*

पुढच्या रविवारी केदार आला तो दाढी वाढलेला, बोटांवर डाग घेऊन. प्रत्येक भाग आणि पत्रा यांच्यामध्ये त्याने वीज अडवणारी अभ्रकाची चकती घातली होती, स्क्रूसुद्धा प्लास्टिकचे. त्याने सगळी पेडल्स जोडली, स्पीकरचा आवाज पूर्ण वाढवला आणि डोळे मिटून स्विच दाबला.

काही नाही. अगदी काहीच नाही! बाहेर रस्त्यावर भेळवाला कुणाला तरी "तिखट का मध्यम?" विचारत होता, तेही ऐकू आलं. तन्वीने केदारला मिठी मारली. दत्ता स्टुलावर उभा राहून नाचला. केदारच्या डोळ्यांत पाणी होतं, माझ्याही.

"लगेच घेऊ या," तन्वी म्हणाली. आम्ही जीव ओतून वाजवलं. मग चौघं मोबाइलभोवती बसलो आणि रेकॉर्डिंग लावलं.

प्रत्येक सूर स्वच्छ ऐकू येत होता. तन्वीचा वरचा सूर, केदारचा सोलो, माझी बोटं, दत्ताचा ठेका. सगळं वेगळं वेगळं, लख्ख. गाणं संपलं तरी कुणी मान वर केली नाही. तन्वीने मोबाइल उलटा ठेवला.

दत्ताने घसा खाकरला.

"केदार, ती घरघर परत आणता येईल का रं?"

केदारने स्क्रूड्रायव्हर उचलला.